आरोग्याचा रकाना

विद्या आणि कला या सख्ख्या बहिणी आहेत. माणसाच्या घडणीत दोघींचा मान सारखा. एकीला पाटावर आणि दुसरीला उंबऱ्याबाहेर बसवून चालत नाही. यातलं पहिलं वाक्य शिरदाळच्या मराठी शाळेच्या दर्शनी भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेलं होतं. निपाणीहून आलेल्या पेंटरनं अक्षरं सढळ हातानं काढली आणि 'सख्ख्या'पाशी भिंत संपली. उरलेले 'बहिणी आहेत' हे दोन शब्द त्यानं कोपऱ्यावरून वळवून, पोरं लघवीला जात त्या बाजूला काढले. त्यामुळं समोरून वाचणाऱ्याला विद्या आणि कला या सख्ख्या आहेत एवढंच कळे. सख्ख्या कोण, ते मागं गेल्याशिवाय कळत नसे आणि मागं गेलेला माणूस वाचायच्या मनःस्थितीत नसे.

शाळा चार इयत्तांची, खोली एक आणि गुरुजीही एकच, परशराम गुरुजी. त्यांचा कलेला विरोध नव्हता. शनिवारचा शेवटचा अर्धा तास त्यांनी चित्रकलेला दिलेला होता. त्या अर्ध्या तासात ते पोरींकडून खोली सारवून घेत.

चौथीत भावकूची कस्तुरी होती. नऊ वर्षांची, अंगानं काडी, बोलायला कमी. गुरुजींनी एकदा फळ्यावर गणित घातलं, 'एका शेतकऱ्याजवळ बारा बैल होते. त्याने पाच विकले. किती उरले?' बाकीची पोरं बोटांवर मोजून मोकळी झाली. कस्तुरी मात्र तास संपेपर्यंत वहीत मान घालून होती. गुरुजींनी वही ओढून बघितली. पानभर बैल होते. सात गोठ्यात बांधलेले, पाच पाठमोरे, दाव्याला धरून कुणीतरी नेत असलेले. गोठ्यातल्या सातांपैकी एक मान वळवून जाणाऱ्यांकडं बघत होता.

"उत्तर कुठाय?"

"गोठ्यात हाय की गुरुजी."

"आकड्यात लिही म्हटलं तर?"

"आकडा काढाय जागा न्हाय उरली."

गुरुजींनी तिथंच लाल शाईनं शून्य दिलं. इतकं मोठं दिलं, की दोन बैल त्यात मावले.

ही वही नोव्हेंबरात इन्स्पेक्टर साहेबांच्या हाती लागली. अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. साहेब धारवाडकडचे, कन्नड बोलणारे, नवीन बदलून आलेले. जीप वडाखाली लावून ते आत आले, खुर्चीवर बसले आणि समोरच्या ढिगातली वरची वही त्यांनी उचलली. बराच वेळ बैल बघितले. मग पोरीला जवळ बोलावलं, तिचं प्रगती पुस्तक मागितलं, लाल पेन घेऊन त्यात वरपासून खालपर्यंत काहीतरी शोधलं आणि शेवटी एका जागी दोन ओळी लिहिल्या. जाताना गुरुजींना कन्नडमध्ये पुष्कळ काही सांगितलं. गुरुजी प्रत्येक वाक्याला "होय साहेब" म्हणाले. गुरुजींना कन्नड वाचता येत नव्हतं. सीमाभागातला मराठी शिक्षक म्हणून ते हे ताठ मानेनं सांगत. बोललेलंही फारसं कळत नाही, हे मात्र ते सांगत नसत.

"बापाची सही आण," एवढं बोलून त्यांनी पुस्तक कस्तुरीच्या हातात दिलं.

भावकूला त्या दिवसांत सही करायला सवड नव्हती. दिवाळीत नको तेव्हा पाऊस पडला आणि दोन एकरांतली तंबाखू चेकाळल्यासारखी फुटली. शेंडे खुडावेत तर चार दिवसांत पानांच्या बगलेतनं फुटवे वर येत. ते वेळेत काढले नाहीत तर पान पातळ पडतं आणि पातळ पानाकडं बघून व्यापारी नुसतं "हं" करतो. गावात सगळ्यांचीच तंबाखू एकदम फुटलेली, त्यामुळं मजुरीला बाई मिळेना. भावकू, त्याची बायको मालुबाई आणि शाळेआधी-शाळेनंतर कस्तुरी, असे तिघं वाकून सरीनं सरकत होते. खुडताना पानाचा चीक बोटांना लागतो. पहिल्या दिवशी हिरवा, दुसऱ्या दिवशी तपकिरी, तिसऱ्या दिवशी डांबर. भाकरीला कडू लागतो. डोळा चोळला की डोळा जातो असं वाटतं. रात्री मूठ उघडायची तर बोटं एकमेकांना सोडत नाहीत.

तिसऱ्या दिवशी कस्तुरी म्हणाली, "आप्पा, गुरुजी मारत्यात. सही."

भावकूनं पुस्तक उघडलं. मराठी तो अक्षर लावून वाचायचा. लाल ओळींपाशी त्याची गाडी थांबली. कन्नड त्याला बोलायला येत होतं, म्हणजे संकेश्वरच्या बाजारात बैल घेण्यापुरतं येत होतं. वाचायला नव्हतं. वाचता येणारा गावात एकच माणूस होता, मारुतीराव. हिंडलग्याच्या जेलात तीस वर्षं जमादारी करून तो परत आला होता आणि अजून सकाळी अंगण झाडताना झाडू खांद्याला लावून वळायचा.

नवराबायको पोरीला घेऊन सकाळीच त्याच्याकडं गेले. मारुतीरावानं चष्मा लावला, पुस्तक हातभर लांब धरलं आणि हजेरी घेतल्यासारखं वाचलं :

"मगुविन कैयल्लि कले इदे. गमन कोडि."

"म्हंजे काय, अण्णा?"

"मगू म्हंजे पोर. कै म्हंजे हात. पोरीच्या हातावर कले हाय."

"कले म्हंजे?"

"डाग रं. वण. आमच्या रजिस्टरात प्रत्येक कैद्याच्या नावाफुडं असायचं. उजव्या दंडावर कले, कपाळावर कले. तीस वर्सं लिवलंय, मला शिकवू नगंस." त्यानं पुस्तक जवळ घेतलं. "आनि कुठं लिवलंय बघ. वर मराठीत छापलंय, आरोग्य. आरोग्याच्या रकान्यात लिवलंय सायबानं. उगंच लिवंल व्हय?"

भावकूनं पोरीकडं बघितलं. तिनं हात पाठीमागं नेले.

"आनि त्ये दुसरं काय म्हनला? कोडी?" मालुबाई मघापासून तिथंच अडकली होती. तिचं माहेर गारगोटीकडचं. कन्नड म्हणजे तिच्या लेखी डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज. "कोड म्हनला न्हवं त्यो?"

"कोडि म्हंजे द्या गं," भावकू म्हणाला.

"काय द्या?"

"गमन."

"गमन म्हंजे?"

भावकूनं मारुतीरावाकडं बघितलं. मारुतीराव म्हणाला, "ह्ये आमच्या रजिस्टरात नसायचं."

घरी येईपर्यंत मालुबाईनं स्वतःपुरता निकाल लावला होता. डाग आहे, आरोग्याच्या रकान्यात आहे आणि साहेबाच्या तोंडचा शब्द 'कोडी' आहे. यापुढं माणसाला काय हवं? तिनं परड्यातल्या दगडावर पोरीला बसवलं आणि हात धुवायला घेतले. चिकाखाली कातडी कुठं आहे हेच आधी दिसेना. साबण लावला, निघाला नाही. चिंच लावली. राख लावली. मग रॉकेलचा बोळा घेतला आणि वर काथ्या. पोरगी दातावर दात धरून बसली होती. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी घासता घासता रुपयाएवढी जागा फिकट निघाली.

"ह्यो बघा!" मालुबाई मटकन खाली बसली. "माझे आई. पोरीला आता कोन पदरात घील गं."

शेजारची अक्काताई कुंपणावरून बघत होती. ती आत आली, वाकली, हात न लावता बघितलं आणि म्हणाली, "लई न्हाय अजून." ह्या 'अजून'वर मालुबाईनं पोरीचा हात पदराखाली घेतला. अक्काताई जाताना आपली ताकाची लोटकी आठवणीनं परत घेऊन गेली.

कस्तुरीचा हिशेब वेगळा होता. बैल काढले ते ह्या हातानं. शून्य मिळालं ते त्या बैलांना. साहेबानं लाल लिहिलं ते बैल बघूनच. म्हणजे डाग कशानं पडला हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या संध्याकाळी तिनं चुलीपुढचा कोळशाचा तुकडा, ज्यानं ती परड्याच्या भिंतीवर काहीबाही काढायची, तो चुलीतच टाकला.

दुसऱ्या दिवशी भावकू शाळेत गेला. गुरुजींना त्यानं सगळं सांगितलं आणि विचारलं, "गुर्जी, तेवढं गमन म्हंजे काय त्ये सांगा. कोडि म्हंजे द्या, त्ये मला ठावं हाय."

गुरुजींचा चेहरा उजळला. दोन ओळींत एक तरी शब्द त्यांच्या ओळखीचा निघाला होता.

"गमन हा संस्कृत शब्द आहे. गमन म्हणजे जाणे."

"म्हंजे जानं द्या?"

"जाऊ द्या," गुरुजी म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांनाच त्याचा अर्थ लागला. "म्हणजे मुलीला शाळेतनं जाऊ द्या, असा शेरा आहे. लेखी आहे, भावकू. मी काय करणार? तू असं कर, डॉक्टरचा दाखला आण. रोग नाही असं लिहून आण, मी घेतो वर्गात. तवर घरी राहू दे. इथं एका माठातलं पाणी पितात पोरं."

"आनि दाखला न्हाय मिळाला तर?"

"मग चौथी राहिली."

भावकू उभाच राहिला. त्याच्या घरात चौथी झालेलं अजून कुणी नव्हतं. तो स्वतः तिसरीतनं बैलामागं गेला होता आणि मालुबाई शाळेच्या वाटेनं फक्त शेण वेचायला गेली होती. ही पोरगी चौथी करून निपाणीला पाचवीला जाईल, हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की लोक हसतात.

"गुर्जी, आब्यास बुडंल की तिचा."

"पाढे देतो. तिसापर्यंत पाठ करू दे. पाढ्याला हात लागत नाही."

मालुबाई म्हणत होती आजच बेळगावला जाऊ. भावकूनं सरीकडं बघितलं आणि फुटवे निघाल्याशिवाय डाग वाढणार नाही असं ठरवून टाकलं. त्याला दुसरं काही ठरवता येण्यासारखंच नव्हतं. दोन दिवस गेले असते तर एका बाजूची तंबाखू हातची गेली असती. ह्यावरून नवराबायकोत बोलणं तुटलं ते तीन दिवस. मधे लागलं तर दोघं पोरीच्या मार्फत बोलत.

"तुज्या आईला म्हनावं, पानी दे."

"तुज्या बाला म्हनावं, घागर दिसती न्हवं."

कस्तुरीला पिठाला हात लावायला बंदी झाली. तिची थाळी वेगळी झाली. उजव्या हाताला मालुबाईनं जुन्या लुगड्याचा पट्टा गुंडाळला, तो ती फक्त रानात सोडायची; कारण डाग असला तरी फुटवे काढायला चालतो. ती तंबाखू पुढं गावोगावचे लोक ओढणार होते, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. असे अकरा दिवस गेले. सकाळी दवात लुगडी गुडघ्यापर्यंत भिजत, दुपारी पाठीवर ऊन टेके. पोरगी वाकून सरीनं सरकायची आणि प्रत्येक झाडाला एक याप्रमाणं पाढा म्हणायची. फुटवा मोडला, एकोणतीस एके एकोणतीस. फुटवा मोडला, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. आठव्या दिवशी भावकूच्याही तोंडात एकोणतिसाचा पाढा बसला. चांद्या बैलाला पाणी दाखवताना तो त्याच्या तोंडून निघाला तेव्हा बैल थांबून बघायला लागला.

बाराव्या दिवशी तिघं एस.टी.नं बेळगावला गेले. मालुबाईनं पोरीचा हात पदराखाली झाकून धरला होता. शेजारी बसलेल्या बाईनं "पोरीला भाजलं काय?" म्हणून विचारलं, तेव्हा मालुबाई "व्हय" म्हणाली आणि संकेश्वर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

खडेबाजारात एका कापडाच्या दुकानावर, अंधाऱ्या जिन्यानं वर, कातडीचे डॉक्टर बसत. बाकावर नंबर लावून बसलेली माणसं एकमेकांच्या अंगाकडं न बघता बघत होती. नंबर आला. डॉक्टरांनी पट्टा सोडला, स्पिरिटचा बोळा फिरवला, भिंग लावलं, टाचणी टोचली. पोरगी "आई गं" म्हणाली. डॉक्टरांना ते आवडलं; टोचलेलं कळत होतं.

"हे घासून झालंय. कशानं घासलं?"

"साबन, चिच, राख," मालुबाई म्हणाली. "रॉकेल. काथ्या."

"एवढ्यानं माझ्या हातावर पण डाग पडेल. खोबरेल लावा, आठ दिवसांत जाईल. काही झालेलं नाही हिला."

"असं कसं म्हंता?" भावकू म्हणाला. त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण अकरा दिवस आणि तिघांचं तिकीट त्याला तसं सुटू देईना. "लेखी हाय की." त्यानं धोतराच्या सोग्यात गुंडाळलेलं पुस्तक काढलं.

डॉक्टरांनी वाचलं. परत वाचलं.

"हे वाचून कुणी दाखवलं तुम्हाला?"

"जेलातल्या जमादारानं."

"बरोबर." डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, गरजेपेक्षा जास्त वेळ पुसला. "कले म्हणजे डाग. आहे, तो अर्थ आहे."

मालुबाईनं पदर तोंडाला लावला.

"आणि कले म्हणजे कला पण. चित्र काढणं, गाणं, ती कला. मुलीच्या हातात कला आहे, असं लिहिलंय. गमन कोडि, म्हणजे लक्ष द्या. तिकडं लक्ष द्या, असं सांगितलंय साहेबांनी."

खाली रस्त्यावर टांग्याची घंटी वाजून गेली.

"म्हंजे रोग न्हाय," भावकू म्हणाला.

"नाही."

"मग औषीद?"

"ह्याला औषध नाही."

"अवो, औषीद न्हाय म्हंत्यात!" मालुबाई रडायलाच लागली. डॉक्टरांना मग तिला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. बाहेरच्या बाकावरचे लोक कान देऊन ऐकत होते.

कस्तुरी टाचणीच्या जागी अंगठा दाबून उभी होती. ती हळूच म्हणाली, "मग बैल काढला तर हात नासत न्हाय?"

डॉक्टरांनी औषधाच्या एका जाहिरातीचा कागद उलटा करून टेबलावर ठेवला आणि पेन्सिल दिली. "काढून बघ. माझ्यासमोर काढ. काही झालं तर मी आहे."

पोरगीनं आधी आईकडं बघितलं. मग टेबलाला छाती लावून काढायला लागली. पहिली रेघ वाकडी गेली. दुसरी सरळ आली. भावकू वाकून बघत होता. त्यानं तिचं चित्र कधी बघितलंच नव्हतं. वही गुरुजींकडं असायची आणि परड्याच्या भिंतीवरचा कोळसा त्याला डागच वाटायचा. आधी वशिंड आलं, मग पाठ, मग आत वळलेलं डावं शिंग.

"ह्यो आमचा चांद्या!" भावकू डॉक्टरांना म्हणाला, नातेवाईक भेटल्यासारखा. "शिंग बघा, तेच की." मग त्याच्या कपाळाला आठी पडली. "पर ह्यो मागचा पाय का गं असा उचललायस? तीन पायांवर हुबा केलास त्येला?"

"तसाच हुबा ऱ्हातोय त्यो."

"कवापास्नं?"

"दिवाळीपास्नं. टेकवत न्हाय."

दिवाळीपासून भावकू रोज त्या बैलाला बांधत होता, सोडत होता, पाणी दाखवत होता. डोकं सगळं फुटव्यांत होतं.

डॉक्टरांनी दाखला लिहून शिक्का मारला. खडेबाजारातनं जाताना एका दुकानात रंगाच्या पेट्या टांगलेल्या होत्या. कस्तुरी तिथं रेंगाळली. भावकू मात्र पुढं गेला. त्याला गाडी गाठायची होती. पेटी घ्यायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही, आणि पोरीनंही काही मागितलं नाही.

घरी पोचल्यावर त्यानं टोपीसुद्धा न काढता चांद्याचा मागचा पाय गुडघ्यावर घेतला. खुरात बाभळीचा काटा मोडून बसला होता, भोवती पू धरला होता. चिमट्यानं काटा ओढला तेव्हा बैलानं एवढा मोठा सुस्कारा सोडला की मालुबाई घरातनं बाहेर आली. अजून आठ दिवस गेले असते तर खूर हातचा गेला असता आणि जानेवारीत तंबाखूची गाडी ओढायला एकच बैल राहिला असता.

भावकूला त्या दिवसापासून कला पटली. "रोज एकदा सगळी जनावरं काढून दाखवायची," त्यानं पोरीला बजावलं. "म्हस बी. आनि पाय नीट काढायचं." त्याच्या दृष्टीनं साहेबानं लक्ष द्या म्हटलं होतं ते हेच. कस्तुरीची हरकत नव्हती. गावात त्यानं एवढंच सांगितलं, की डाग गेला. त्यावर अक्काताई ताकाची लोटकी परत घेऊन आली आणि त्या डॉक्टरचा पत्ता विचारून गेली. तिच्या भाच्याला खरंच नायटा होता. मारुतीरावाला खरा अर्थ सांगितला तेव्हा तो म्हणाला, "असंल. पर तीस वर्सांत तसली कले असल्याला मानूस आमच्याकडं आला न्हाय."

गुरुजींनी दाखला उलटसुलट बघितला. तोही कन्नडमध्येच होता. शिक्का होता, म्हणून त्यांनी पोरीला वर्गात घेतलं. भावकूनं लाल ओळींचा अर्थ सांगितला, तेव्हा ते थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

"मला तेव्हाच शंका आली होती," ते म्हणाले. मग साहेबांचा लेखी शेरा तो लेखी शेरा, म्हणून त्यांनी शनिवारचं सारवण शुक्रवारवर नेलं आणि शनिवारी पोरांना खरोखर पाट्यांवर चित्रं काढायला लावली. सगळ्यांनी झेंडे काढले. कस्तुरीनं गुरुजी काढले, खिडकीबाहेर बघत असलेले. गुरुजींनी ते बराच वेळ धरून ठेवलं आणि पुसताना अंगठ्यानं हलकंच पुसलं.

एप्रिलात निकाल लागला. गणितात कस्तुरीला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव पडले; शिरदाळच्या शाळेत एवढे कुणाला पडले नव्हते. दोन गुण गेले ते बैलांच्या गणितात, उत्तराभोवती तिनं गोठा काढला होता म्हणून. भावकूनं शाळेच्या ओसरीवरच बसून, अक्षरावर बोट ठेवत, प्रगती पुस्तक वरपासून खालपर्यंत वाचलं. मराठी, गणित, परिसर, वर्तणूक, आरोग्य. तो चित्रकला शोधत होता. पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत शोधली.

"गुर्जी, चित्राचा रकाना कुठाय?"

"तो नसतो," गुरुजी म्हणाले. "छापीलच नाही. म्हणून तर साहेबांनी तिथं लिहिलं."

आरोग्याच्या रकान्यात, लाल ओळींच्या खाली, गुरुजींनी निळ्या शाईनं वर्षअखेरची नोंद केली होती : वजन एकवीस किलो.